मे महिन्याची खोली आधी, प्राणी नंतर : सोलापुरातील एका हेजहॉग-खरेदीचा प्रकरण अभ्यास

जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या एका कुटुंबाने मार्च महिन्यात मला विचारलेला प्रश्न पिंजऱ्याचा होता. नववीतल्या मुलीला हेजहॉग, म्हणजे पाठीवर काटे असलेला छोटा परदेशी प्राणी, हवा होता, समाजमाध्यमावर विक्रेता सापडला होता, निम्मी रक्कम त्याच संध्याकाळी पाठवायची होती आणि उरलेली प्राणी हातात आल्यावर द्यायची होती. तेव्हा पिंजरा तारेचा घ्यावा की काचेचा, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. पाळीव प्राणी घेऊ पाहणाऱ्या घरांना खरेदीपूर्वी सल्ला देण्याचे काम मी करतो. घाईची खरेदी आणि जबाबदारीची खरेदी यांच्या वाटा पिंजऱ्याचा प्रश्न येण्याच्या कितीतरी आधी वेगळ्या होतात, हे अशा प्रत्येक विचारणेत दिसते. या घराने विसार देणे थांबवले, पावसाळा लागेपर्यंत वाट पाहिली आणि मगच प्राणी आणला. मधल्या काळात काय तपासले, कोणाला नकार दिला आणि पुढच्या वर्षभरात त्याचा उपयोग कसा झाला, याची ही नोंद आहे. कुटुंबाच्या संमतीने ती लिहीत असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्राणी कोणता, घर कोणते

पाळण्यासाठी विकला जाणारा हेजहॉग हा बहुतेक वेळा आफ्रिकी जातीचा असतो. अ‍ॅटेलेरिक्स अल्बिव्हेंट्रिस हे त्याचे शास्त्रीय नाव. आफ्रिकेच्या पश्चिम टोकापासून पूर्वेकडे टांझानियापर्यंतच्या गवताळ माळरानांवर तो राहतो. त्याचे वजन साधारण 300 ते 600 ग्रॅम भरते आणि नीट सांभाळल्यास तो चार-पाच वर्षे, क्वचित त्याहून अधिक जगतो. साळिंदराशी त्याचे नाते नाही. साळिंदर हा उंदीर-घुशींच्या गणातला कुरतडणारा प्राणी आहे. हेजहॉगचा मुख्य आहार किड्यांचा, आणि त्याचे काटे सहजी गळून समोरच्याच्या अंगात रुतत नाहीत. तो एकटा राहतो, दिवसभर झोपतो आणि अंधार पडल्यावर जागा होतो.

मुलीने पाहिलेल्या चित्रफितींत मात्र हेजहॉग भर दिवसा तळहातावर उताणा पडलेला, टोपी घातलेला, आंघोळ करताना दिसत होता. झोपेतून उठवलेल्या प्राण्याची ती चित्रणे होती, हे तिला समजावून सांगावे लागले. मी तिला एकच काम दिले : प्राणी आल्यावर चोवीस तासांत कोण, किती वाजता, काय करणार हे लिहून काढणे. तिने लिहिलेल्या पहिल्या कागदावर सगळी कामे दुपारी चार ते सहा या वेळेत होती, म्हणजे प्राणी गाढ झोपेत असताना. दुसरा कागद तिने वडिलांबरोबर बसून तयार केला. त्यात संध्याकाळी साडेसातला स्वच्छता, साडेआठला खाणे, नऊ ते साडेनऊ हाताळणे आणि त्यानंतर पिंजऱ्याकडे कोणी फिरकायचे नाही, असे ठरले. रात्रभर चाकावर धावण्याचा या प्राण्याचा स्वभाव असल्याने आणि पुढचे वर्ष दहावीचे असल्याने पिंजरा तिच्या झोपण्याच्या खोलीत ठेवायचा नाही, हेही तिथेच पक्के झाले. तिला ते आवडले नाही. पण कागदावर सही तिचीच आहे.

घरात वडील, आई, मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली, मधुमेह असलेली आजी अशी चार माणसे. आजींचा मुद्दा मी सर्वांत आधी काढला, कारण वरून निरोगी दिसणाऱ्या हेजहॉगच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतो. अमेरिकेत 2019 मध्ये पाळीव हेजहॉगशी संबंधित साल्मोनेलाची साथ तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने नोंदवली होती. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे यांना या संसर्गाचा त्रास अधिक होतो. शिवाय हेजहॉगच्या काट्यांतून आणि त्वचेतून माणसाला गजकर्ण होऊ शकते. याचा अर्थ आजी असलेल्या घरात हा प्राणी येऊच नये असा नाही. मात्र पिंजरा, चाक आणि भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीही धुवायची नाहीत, प्राणी ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर आणायचा नाही, तोंडाजवळ धरायचा नाही आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, हे नियम चौघांनाही पाळावे लागणार होते. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे पिंजऱ्याच्या धुण्यासाठी वेगळी बादली आणि बाल्कनीतली मोरी राखून ठेवण्याची जबाबदारी आईंनी घेतली. टाकीतल्या पाण्याचा हिशेब ज्यांच्या हातात असतो त्यांची संमती अशा निर्णयात किती मोलाची असते, हे बाहेरगावच्या माणसाला चटकन लक्षात येणार नाही.

मे महिन्याची खोली

हेजहॉगविषयीची बहुतेक माहिती थंड देशांतली माणसे लिहितात, म्हणून ती सारी हीटरभोवती फिरते. कारणही खरे आहे. हा प्राणी 24 ते 29 अंश सेल्सिअसमध्ये सुखात राहतो. तापमान 18-20 अंशांच्या खाली गेले की त्याचे शरीर सुस्तावस्थेकडे झुकते, पोट गार पडते, चाल डगमगते, आणि दीर्घ शीतनिद्रेसाठी हे शरीर घडलेले नसल्यामुळे ती अवस्था जिवावर बेतू शकते. सोलापुरात असा धोका डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या रात्रींपुरता असतो. आपल्याकडचा खरा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. एप्रिल-मेमध्ये इथला पारा 42-43 अंशांवर जाणे ही नेहमीची गोष्ट, आणि तापमान 30-32 अंशांच्या वर राहिले की हेजहॉग हातपाय पसरून सपाट पडतो, धापा टाकतो, खाणे सोडतो. तशा अवस्थेत काही तास गेले तर तो मरतो.

कुटुंबाचे घर चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, मुलीची खोली पश्चिमेला. मी त्यांना कमाल-किमान तापमान नोंदवणारा साधा डिजिटल तापमापक घ्यायला सांगितला आणि एप्रिल-मे असे दोन्ही महिने तो तीन खोल्यांत आळीपाळीने ठेवून वहीत नोंद करायला सांगितली. या वहीने पुढचे सगळे निर्णय सोपे केले. पश्चिमेच्या खोलीत दुपारी चारच्या सुमारास 39 अंश होते, आणि सिमेंटच्या भिंती दिवसभराचा ताप रात्री बाहेर टाकत असल्याने रात्री अकरालाही तिथे 36 अंशांच्या खाली पारा उतरत नव्हता. मधल्या खोलीला बाहेरची भिंत एकच. तिथे दुपारचा आकडा 35 वर थांबे. म्हणजे कोणत्याही खोलीत नुसता पंखा पुरणार नव्हता, आणि पंख्याचा वारा तसाही घाम न येणाऱ्या, काट्यांनी झाकलेल्या प्राण्याच्या फारसा कामी येत नाही. मधल्या खोलीत कूलर लावून पाहिला. हवा कोरडी असेपर्यंत तो 29-30 अंशांपर्यंत खाली आणत होता, पण मेअखेरीस वळिवाचे ढग जमले की त्याचा जोर संपत होता. आजींच्या खोलीत आधीपासून एक टनाचा एसी होता. मधल्या खोलीचा दरवाजा त्याच खोलीत उघडत असल्याने दुपारी एक ते सहा तो दरवाजा उघडा ठेवून दोन्ही खोल्या मिळून थंड ठेवण्याचे ठरले. असा एसी तासाला साधारण एक युनिट वीज घेतो हे धरून वडिलांनी दोन महिन्यांच्या वाढीव बिलाचा हिशेब मांडला आणि तो खर्च परवडेल की नाही यावर घरात उघड चर्चा झाली. ती चर्चा प्राणी येण्याआधी झाली, हे या प्रकरणातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न. घरगुती इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी चालत नाही. त्यासाठी दोन उपाय ठरले. पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून ठेवायच्या, वीज गेली की त्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिंजऱ्याच्या एका बाजूला ठेवायच्या आणि दुसरी बाजू मोकळी सोडायची, म्हणजे प्राण्याला हवे तिकडे सरकता येते. वीज दोन तासांत आली नाही तर पिंजऱ्यातला लपण्याचा डबा उचलून भवानी पेठेतल्या मामांच्या जुन्या घरी न्यायचे. ते घर माळवदाचे, जाड मातीच्या भिंतींचे, खाली शहाबादी फरशी. वहीतल्या नोंदीप्रमाणे तिथला माजघराचा आकडा भर मेमध्येही 31 च्या वर गेला नव्हता. जुन्या पेठांतली अशी घरे झपाट्याने पाडली जात आहेत. माणसांप्रमाणे जनावरांनाही त्यांचा किती आधार होता, हे या निमित्ताने नोंदवावेसे वाटते.

डॉक्टर

हा भाग थोडक्यात सांगता येतो. सोलापूरसारख्या जिल्ह्यात पशुवैद्यकांचे बहुतेक काम गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांचे असते, आणि हेजहॉग तपासणे वेगळे असते : तो घट्ट गोळा होतो, त्यामुळे तोंड, पोट किंवा नखे पाहण्यासाठीही अनेकदा वायूरूप भूल द्यावी लागते. आईंनी तीन ठिकाणी चौकशी केली. एका डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "नखे कापणे, त्वचेचे किडे, जुलाब एवढे मी बघेन, गाठीची शस्त्रक्रिया किंवा दाताचे काम असेल तर पुण्याला न्यावे लागेल, आणि त्या भुलीची सोय माझ्याकडे नाही." असा प्रामाणिक नकार ही मोठी मदत असते. हेजहॉगमध्ये वय वाढल्यावर गाठी होण्याचे प्रमाण जास्त आहे, मादीत विशेषतः गर्भाशयाच्या. तेव्हा पुण्याचा प्रवास, तिथल्या दवाखान्याचे नाव-नंबर आणि त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम यांची नोंद खरेदीच्या आधीच वहीत झाली.

तीन विक्रेते

पहिला विक्रेता समाजमाध्यमावरचा. त्याचा आग्रह असा होता : "मॅडम, गाडी रात्री दहाला निघते, आत्ता पैसे टाकले तरच पीस ठेवतो." ट्रॅव्हल्सच्या गाडीतून, डब्याला भोके पाडून, मार्चच्या उकाड्यात प्राणी पाठवण्याची त्याची पद्धत होती. मी कुटुंबाला त्याच्याकडून तीन गोष्टी मागायला सांगितल्या : प्रत्यक्ष व्हिडिओ कॉलवर प्राणी चालताना दाखवणे, पिल्लाची जन्मतारीख आणि आई-बापाचे दर्शन, आणि नाव-पत्ता असलेली पावती. त्याने पुन्हा तीच जुनी चित्रफीत पाठवली, पावतीच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही आणि किंमत कमी केली. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी दर उतरवणाऱ्या विक्रेत्याशी बोलणे तिथेच संपवावे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा प्रस्ताव एका ओळखीच्या माणसाकडून आला. राजस्थानातून येणारा कोणी नातेवाईक निम्म्या किमतीत प्राणी आणून देणार होता. आलेले छायाचित्र मी मोठे करून पाहिले. कान काट्यांच्या वर उठून दिसत होते, चेहरा काळपट होता. आफ्रिकी जातीचे कान आखूड असतात, तोंडाची व पोटाची लव पांढरी असते आणि मागच्या पायाला बहुधा चारच बोटे असतात. छायाचित्रातला प्राणी आपल्या देशातला, रानातून पकडलेला लांबकान्या हेजहॉग असल्याची दाट शंका होती. भारतात हेजहॉगच्या देशी जाती आहेत : वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशात लांबकान्या आणि फिकट हेजहॉग, तर दक्षिणेत मद्रास हेजहॉग. त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. ते पकडणे, विकणे किंवा घरात बाळगणे हा गुन्हा आहे, आणि माहीत नव्हते ही सबब तिथे चालत नाही. कुटुंबाने नकार दिला आणि वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर ती माहिती कळवली. ओळखीच्या माणसाला वाईट वाटेल म्हणून वडील आधी कचरत होते; शेवटी फोन त्यांनीच केला.

तिसरा विक्रेता पुण्यात स्वतःच्या घरी प्राण्यांची पैदास करणारा. त्याच्याकडे जाण्याआधी कायद्याची बाजू नीट समजून घेतली, कारण तिथे गैरसमज फार आहेत. प्राणी क्रूरता प्रतिबंध (पाळीव प्राणी दुकान) नियम, 2018 नुसार पाळीव प्राणी विकणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि हे नियम केवळ रस्त्यावरच्या दुकानाला नव्हे, तर घरातून आणि इंटरनेटवरून होणाऱ्या विक्रीलाही लागू होतात. 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव अधिनियमात चौथी अनुसूची सायटिस करारातल्या (धोक्यातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारातल्या) प्राण्यांसाठी आली आणि तिच्यातले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली. आफ्रिकी पाळीव हेजहॉग सायटिसच्या परिशिष्टांत नाही, म्हणून ती नोंदणी त्याला लागत नाही. पण त्यामुळे "याला काहीच कागद लागत नाहीत" हे विक्रेत्यांचे नेहमीचे वाक्य खरे ठरत नाही, कारण परदेशातून जिवंत प्राणी आणायला आयात परवाना आणि पशु विलगीकरण विभागाची परवानगी लागते. या अटींमागे रोगाची कारणे आहेत. गाई-म्हशींना होणारा लाळ-खुरकूत रोग हेजहॉगलाही होऊ शकतो. याच भीतीने अमेरिकेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतून त्यांची आयात रोखली. या कुटुंबाची मोहोळ तालुक्यात शेती आहे, गोठ्यात गाई आहेत. कागद नसलेला, कुठून आला ते माहीत नसलेला प्राणी त्या घरात येणे हा गोठ्याचाही प्रश्न होता.

पुण्याच्या पैदासकाराने नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवले, आधीच्या दोन पिढ्यांच्या खरेदीच्या पावत्या दाखवल्या आणि पिल्लाचा जन्म आपल्याच घरी झाल्याचे लेखी दिले. मूळ आयातीचा कागद मात्र त्याच्याकडे नव्हता. ही साखळी अपुरी आहे, हे मी कुटुंबाला स्पष्ट सांगितले. माझ्या मते दोन पिढ्यांचा पुरावा, नोंदणी आणि लेखी हमी यांवर पुढे जाता येत होते, पण तो निर्णय त्यांचा होता. वडिलांनी सोलापुरातल्या वन विभागाच्या कार्यालयात प्राण्याची जात, विक्रेत्याचे नाव आणि पावत्यांच्या प्रती जोडून माहितीचा अर्ज दिला व त्याची पोच घेऊन फाइलला लावली. तेवढे करूनही ज्यांच्या मनात शंका उरते त्यांनी खरेदी करू नये, असेच मी सांगतो.

पिल्लू निवडताना

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस पडून हवा निवल्यावर, वडील आणि मुलगी पुण्याला गेले. मी सोबत होतो. संध्याकाळी सातची वेळ मुद्दाम मागून घेतली होती, कारण दिवसा झोपलेल्या पिल्लांवरून काहीही कळत नाही. दहा आठवड्यांची तीन पिल्ले होती. नर आणि माद्या वेगळ्या ठेवल्या आहेत का, हे मी पहिल्यांदा पाहिले. या प्राण्यांना दोन महिन्यांच्या सुमारासच पिल्ले होऊ शकतात, आणि एकत्र ठेवलेल्या पिल्लांतली मादी विकत घेणाऱ्याच्या घरी महिन्याभरात अचानक विते. गाभण काळ जेमतेम पाच आठवड्यांचा, आणि नव्या जागेत बिथरलेली आई बहुधा पिल्ले खाऊन टाकते. एका हौशी घराला हे पाहावे लागू नये.

पहिले पिल्लू मुलीला लगेच आवडले, कारण ते हातावर निपचित, शांत बसले. मी तिला थांबायला सांगितले. हातात घेतल्यावर निरोगी हेजहॉग फुसफुसतो, गोळा होतो आणि काही मिनिटांनी नाक बाहेर काढून वास घेऊ लागतो. अजिबात गोळा न होणारे पिल्लू माणसाळलेले नसून अशक्त असू शकते. आम्ही त्याला सतरंजीवर सोडले. चार पावले नीट गेली, मग मागचा डावा पाय किंचित ओढत ते कलले. पैदासकाराला तोवर ते जाणवले नव्हते. मागच्या पायांपासून सुरू होऊन हळूहळू सारे शरीर लुळे पाडणारा एक असाध्य मज्जाविकार या प्राण्यांत आढळतो. तो सहसा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागतो आणि त्याची खात्री मृत्यूनंतरच्या तपासणीतच होते. पाय मुरगळला असेल किंवा गारठा लागला असेल, असेही शक्य होते. पैदासकाराने ते पिल्लू विक्रीतून काढून डॉक्टरांना दाखवण्याचे कबूल केले, आणि त्याच्या आई-बापाची जोडी पुढे लावणार नाही, असेही सांगितले.

दुसरे पिल्लू त्या पिल्लाचेच भावंड असल्याने बाजूला ठेवले. तिसरे दुसऱ्या विणीतले, मादी. डोळे काळेभोर, पूर्ण उघडे. नाक ओलसर पण वाहत नव्हते. श्वासाला खरखर नव्हती. कानांच्या कडा स्वच्छ. विष्ठा तपकिरी आणि घट्ट. टॉवेलवर पाच-सहा काटे गळलेले दिसले तेव्हा वडिलांचा चेहरा पडला. पण या वयात पिल्लाचे बारीक काटे गळून मोठे काटे येतात, ते दुधाचे दात पडण्यासारखे आहे. मी भिंग देऊन त्वचा पाहायला लावली. काट्यांच्या बुडाशी कोंडा, पापुद्रे किंवा पांढरट चूर्ण हलताना दिसले असते तर तो किड्यांचा उपद्रव ठरला असता. इथे त्वचा स्वच्छ होती आणि नव्या काट्यांची टोके वर येताना दिसत होती. मागच्या पायाला चार बोटे मोजली. वजनकाट्यावर ठेवल्यावर वजन 214 ग्रॅम भरले. पावतीवर जन्मतारीख, लिंग, वजन, आतापर्यंतचे खाणे आणि सात दिवसांत आजार निघाल्यास परत घेण्याची अट लिहून घेतली. पावती वडिलांच्या नावावर झाली, मुलीच्या नाही. मुलीच्या मनाला थोडे लागले, पण चार-पाच वर्षांची जबाबदारी कायद्यानेही मोठ्या माणसाची असावी.

परतीचा प्रवास इंदापूर-टेंभुर्णीच्या रस्त्याने, स्वतःच्या गाडीने, रात्री झाला. कडक बुडाच्या डब्यात जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा, त्यात पिल्लाच्या आधीच्या पिंजऱ्यातले थोडे वासाचे कापड, आणि एसीचा झोत डब्यावर येणार नाही अशी जागा, एवढी तयारी पुरली.

पुढचे वर्ष

पिंजऱ्याचा मूळ प्रश्न अखेर सुटला तो असा : चार फूट बाय दोन फूट, तळ भरीव, बाजूने हवा खेळती. तारेच्या तळात पाय अडकून मोडतात. चाकही भरीव पृष्ठभागाचे आणि जवळपास एक फूट व्यासाचे घेतले, कारण लहान चाकात पाठ वाकडी राहते. खाली कागदाचा चुरा आणि फ्लीसचे कापड. उग्र वासाचा लाकडी भुसा श्वासाला त्रास देतो म्हणून टाळला. खाण्याला भरपूर प्रथिने आणि कमी चरबी असलेले मांजराचे कोरडे खाद्य, त्याला जोड म्हणून मीलवर्म नावाच्या अळ्या. अळ्यांत कॅल्शियम कमी आणि चरबी जास्त असते, म्हणून त्या मोजून.

पहिल्या आठवड्यात आजींनी मायेने दोन शेंगदाणे पिंजऱ्यात टाकले. "अगं, एवढासा जीव, दोन दाण्यांनी काय होतंय त्याला?" असे त्यांचे म्हणणे, आणि शेंगांच्या या मुलुखात ते साहजिक आहे. पण कडक दाणा हेजहॉगच्या टाळूत अडकून बसतो आणि तोंड मिटेनासे होते. मुलीने वेळीच ते काढले आणि पिंजऱ्यावर मोठ्या अक्षरांत कागद लावला : शेंगदाणा, दूध, कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका नाहीत. दूध अनेकांना निरुपद्रवी वाटते, पण या प्राण्याला ते पचत नाही आणि जुलाब होतात.

ऑगस्टमध्ये शेजारच्या काकूंनी आईंना घाबरून बोलावले. नव्या साबणाच्या वासाने हेजहॉगने तोंडाला फेस आणून, मान उलटी वळवून तो फेस आपल्या काट्यांना फासायला सुरुवात केली होती, आणि काकूंना वाटले की जनावर पिसाळले. अनोळखी वास मिळाला की हेजहॉग असे करतोच. मुलीला हे आधीच माहीत असल्याने तिने काकूंना तिथेच बसवून सगळा प्रकार संपेपर्यंत दाखवला. पूर्वकल्पना नसती तर त्या दिवशी प्राण्याला बाहेर सोडून देण्यापर्यंत गोष्ट गेली असती, आणि परदेशी प्राणी रानात सोडणे हे त्याच्यासाठी मरण आणि आपल्या रानासाठी धोका आहे.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एका पहाटे खोली 19 अंशांवर आली. मुलीने हात लावला तर पोट गार लागले. तिने गरम पाण्याची पिशवी वापरली नाही. शाल गुंडाळून पिल्लाला स्वतःच्या पोटाशी धरले आणि हळूहळू ऊब दिली. तासाभरात ते हालचाल करू लागले. त्यानंतर थर्मोस्टॅट असलेला, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर बसवला. उन्हाळ्यात दोनदा दुपारी वीज गेली. एकदा बाटल्यांवर भागले, दुसऱ्यांदा भवानी पेठ गाठावी लागली. दर रविवारी केलेल्या वजनाची वही माझ्याकडे आली तेव्हा शेवटचा आकडा 418 ग्रॅम होता. मार्चमध्ये वजन चढू लागले होते आणि पुढचे पाय दुमडताना बगलेत चरबीची घडी दिसत होती, म्हणून अळ्या निम्म्या केल्या.

दोन गोष्टी अजून हातात आहेत. मुलगी बारावीनंतर पुण्याला गेली तर रात्रीचे काम वडील करतील, असे त्यांनी स्वतः लिहून दिले आहे, आणि तोवर महिन्यातून दोन रात्री ते काम ते एकट्याने करून पाहत आहेत. आणि एका नातेवाइकाने "जोडी आणा, पिल्ले आम्ही घेतो" असा आग्रह धरल्यावर कुटुंबाने नाही म्हटले. नोंदणीशिवाय पैदास आणि विक्री करायची नाही, हे त्यांना आता ठाऊक आहे; शिवाय पिल्ले मागणाऱ्या त्या घराची मे महिन्यातली वही अजून कोणी लिहिलेली नाही. तापमापक मात्र मुलीने त्यांना नेऊन दिला आहे.